पुरावा तयार, कायदा नाही : साउथ डकोटातल्या ॲटलस वादळानंतरची गुरांची भरपाई

ॲटलस हे हिमवादळ ओसरलं त्या आठवड्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याच्या पश्चिम भागातल्या पशुपालकांना जो तो एकच सल्ला देत होता. मेलेली गुरं पुरण्याआधी फोटो काढा, फोटोवर तारीख येईल असं बघा. कानातले बिल्ले काढून जपून ठेवा. अंगावरचा डाग, म्हणजे मालकाची डागून उमटवलेली खूण, कोणाचा ते टिपून घ्या. नात्यातला नसलेला, तुमच्याकडे पगारावर नसलेला कोणीतरी माणूस सोबत न्या आणि एवढी गुरं मेलेली मी पाहिली, असं त्याच्याकडून लिहून घ्या. राज्य विद्यापीठाची शेतकऱ्यांना सल्ला देणारी विस्तार शाखा हेच सांगत होती, पशुपालकांच्या संघटनाही हेच सांगत होत्या.

हा पुरावा द्यायचा कोणाला, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. ऑक्टोबर २०१३च्या त्या आठवड्यात मेलेल्या गुरांची भरपाई देणारी केंद्र सरकारची एकही योजना चालू नव्हती. जी होती तिची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. आणि ज्या कार्यालयात जाऊन निदान नोंद तरी करावी, त्या कार्यालयाला कुलूप होतं.

आपत्तीच्या मदतीबद्दल बोलताना आपलं सगळं लक्ष किती रक्कम जाहीर झाली याकडे असतं. या प्रकरणात रक्कम शेवटी मिळाली, आणि बरी मिळाली. तरीही मी ते तपशिलात मांडतो आहे, कारण अर्ज घेतले जाण्याआधीचे सव्वासहा महिने आणि पैसे मोजण्याची रीत, या दोन गोष्टींतून अशा योजनेचं आतलं यंत्र जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं ते कुठल्याही घोषणेतून दिसत नाही.

गवताचा मुलूख

वादळाचा तडाखा अनेक काउंट्यांना बसला. पर्किन्स, पेनिंग्टन, झीबॅक, ब्यूट, हाकन, शिवाय पाइन रिज आणि शायेन रिव्हर ही आदिवासी राखीव क्षेत्रं. समजायला सोपं जावं म्हणून आपण मीड काउंटी डोळ्यांसमोर ठेवू. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा घटक. मीड ही क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी काउंटी, सुमारे ९,००० चौरस किलोमीटरची. कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटरचा आहे, आणि २०११च्या जनगणनेत तिथे ३८ लाखांवर माणसं होती. मीडमध्ये २०१०च्या जनगणनेत २५,४३४. त्यांतलीही बरीचशी स्टर्जिस या मुख्य गावात आणि महामार्गालगतच्या पट्ट्यात. स्टर्जिस तिथल्या मोटरसायकलींच्या वार्षिक मेळाव्यामुळे जगाला माहीत आहे. तिथून पूर्वेला युनियन सेंटर, मग फेथकडे निघालं की गवत सुरू होतं ते संपत नाही. पाऊस बेताचा. पिकापेक्षा चराईलाच बरी अशी जमीन.

इथलं वर्ष गाईच्या विण्यावर चालतं. वासरं वसंतात जन्मतात. उन्हाळ्यात गाय-वासरं लांबच्या मोकळ्या कुरणांवर असतात, कधी घरापासून दहा-वीस मैलांवर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वासरं आईपासून तोडून बाजारात नेतात. वर्षभराची जवळजवळ सगळी मिळकत त्या एका विक्रीत येते. त्यानंतर गाभण गाई हिवाळी कुरणात आणतात. तिथे ओघळी असतात, मुद्दाम लावलेल्या झाडांच्या रांगा असतात, वाऱ्याला आडोसा असतो. थंडी वाढेल तशी गुरांच्या अंगावर दाट केस येतात. उणे तीस अंशांतही ही गुरं उघड्यावर तग धरतात, ती या केसांच्या आणि आडोशाच्या जोरावर.

वादळ आलं तेव्हा दोन्ही नव्हतं.

३ ते ५ ऑक्टोबर

आठवडाभर हवा ऊबदार होती. गुरुवारी, ३ तारखेला पाऊस सुरू झाला, थंडगार आणि सतत. गुरं कातडीपर्यंत भिजली. मग पावसाचा बर्फ झाला, जड आणि ओला, आणि वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास गेला. रॅपिड सिटीत शुक्रवारी ४ तारखेला एका दिवसात १९ इंच बर्फ पडला. ऑक्टोबरमधल्या एका दिवसाचा तिथला आधीचा विक्रम होता १९१९ सालचा, दहा इंचांपेक्षाही थोडा कमी. ब्लॅक हिल्समधल्या लीड या गावात साडेचार फुटांवर बर्फ साचला. हवामानाच्या एका वाहिनीने या वादळाला ॲटलस नाव दिलं, तेच पुढे रूढ झालं.

भिजलेलं जनावर वाऱ्याकडे पाठ करून चालू लागतं. ते थांबत नाही, कारण थांबलं की वारा आणखी झोंबतो. कळपच्या कळप असे वाऱ्याच्या दिशेने मैलोन्‌मैल गेले. कुंपण आलं तिथे साचलेल्या बर्फावरून पलीकडे गेले, नाहीतर तारेला अडकून एकमेकांखाली चेंगरले. काही ओघळीत उतरले आणि वरून बर्फ भरला. काही पाणवठ्यांच्या तळ्यांत गेले आणि बुडाले. बाकीची गुरं चालता चालता थकून पडली. अंग गार पडलं, छातीत पाणी भरलं. सहाव्या तारखेला आकाश स्वच्छ झालं, बर्फ वितळायला लागला, आणि रस्त्याकडेच्या चरांतून गुरांचे पाय वर आलेले दिसू लागले.

बाहेरच्या लोकांनी तेव्हा विचारलं, आणि काहींनी फार कठोरपणे विचारलं, की अंदाज असताना गुरं गोठ्यात का आणली नाहीत. हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. शेकडो गाई मावतील असा गोठा तिथे कोणाकडेच नसतो. तो तिथल्या पशुपालनाचा भागच नाही. हिवाळी कुरण हाच त्यांचा गोठा. तिथे न्यायचं तर धो धो पावसात, चिखलातून, दहा-वीस मैल गाय-वासरं हाकायची, तीही एका-दोन दिवसांत. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एवढा बर्फ पडतो, असा अनुभव जिवंत माणसांपैकी कोणाच्या गाठीशी नव्हता.

नेमकी किती गुरं गेली, यावर बराच काळ अंदाजच चालले. पहिल्या दिवसांत पंधरा हजारांपासून एक लाखापर्यंत काहीही आकडा ऐकू येत होता. ऑक्टोबरअखेर राज्याच्या पशुवैद्यकीय खात्याकडे कळवलेल्या मृत्यूंची बेरीज सुमारे १४,००० गुरं, साडेबाराशेच्या वर मेंढ्या, पावणेतीनशेच्या वर घोडे आणि ४० बायसन एवढी झाली होती. ही फक्त आपणहून कळवलेल्यांची नोंद. प्रत्यक्ष हानी याहून बरीच जास्त, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. पेनिंग्टन काउंटीने मेलेली गुरं टाकायला दोन मोठे खड्डे खणून दिले. ज्यांना ते लांब पडत होतं त्यांनी आपल्याच रानात यंत्राने चर मारले.

इथे सल्ल्याचा आणि कामाचा तिढा लक्षात घ्या. मेलेलं जनावर उघड्यावर ठेवता येत नाही. रोगराई, पाण्याचे झरे, कायदा, तिन्ही आड येतात. ते लवकर पुरायचं. पण पुरलं की पुरावा गेला. म्हणून माणसं जिवंत गुरं शोधायची सोडून मेलेल्यांचे फोटो काढत होती. वर, आपल्या रानात सापडलेली गुरं आपलीच असतील असंही नव्हतं. दहा मैल वाहत आलेली शेजाऱ्याची गुरं कोणाच्या तरी ओघळीत पडलेली, आणि आपली अजून कुठे तरी. मिसुरी नदीच्या पश्चिमेला गुरांच्या डागाची सरकारी तपासणी बंधनकारक आहे. तो जुना, कधीकधी कटकटीचा वाटणारा नियम इथे कामी आला. डाग आणि बिल्ला वाचून मालकाला फोन करता आला. ज्याने फोन केला तोच मग साक्षीदारही झाला.

गाय, वासरू आणि पोटातलं

एक गाय मेली म्हणजे काय गेलं? बाजूला दूध पिणारं वासरू होतं, जे महिनाभरात विकलं जाणार होतं; ती या वर्षाची मिळकत. गाय स्वतः गेली. ती चालू भांडवल. आणि तिच्या पोटात चार-पाच महिन्यांचा गर्भ होता. ती पुढच्या वर्षाची मिळकत. आंबे गेले, झाड गेलं आणि पुढचा मोहरही गेला. वासरू वाचलं तरी आईविना, तापलेलं, खोकणारं, आणि त्याचा बाजारात भाव पडलेला. शिवाय एका घराण्याने चाळीस-पन्नास वर्षं निवडून निवडून जोपासलेली गाईंची ओळ असते, त्या विशिष्ट कुरणाला सरावलेली. ती बाजारात विकत मिळत नाही.

या गाईंवर बँकेचं कर्ज असतं. त्या भागात वर्षाचं खेळतं भांडवल बँकेकडून घ्यायचं, वासरं विकली की फेडायचं आणि हिवाळ्यात नव्या वर्षाचं कर्ज मंजूर करून घ्यायचं, अशी रीत आहे. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत बँकेच्या टेबलावर बसताना तारण किती उरलं हे सांगावं लागणार होतं. सरकारी मदत येणार की नाही, आली तर किती, याचं उत्तर त्याच वेळी हवं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे याची गरज लागेल.

योजना होती, मुदत संपली होती

अमेरिकेत शेतीचा मोठा कायदा साधारण दर पाच वर्षांनी नव्याने होतो. सगळे त्याला फार्म बिल म्हणतात. २००८च्या फार्म बिलात लाइव्हस्टॉक इन्डेम्निटी प्रोग्रॅम ही योजना आली: हवामानाच्या आपत्तीत, नेहमीच्या मरतुकीपेक्षा जास्त गुरं मेली तर त्या वरच्या संख्येसाठी बाजारभावाच्या काही टक्के रक्कम. त्याआधी प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर संसदेत वेगळा ठराव करून पैसे द्यायचे, अशी पद्धत होती. २००८ची योजना त्यापेक्षा कितीतरी बरी. फक्त तिच्या कलमात एक तारीख होती. ३० सप्टेंबर २०११नंतर झालेल्या हानीला ती लागू नव्हती. बाकीचं फार्म बिल आणखी एक वर्ष आणि मग जानेवारी २०१३मध्ये मुदतवाढ मिळून सप्टेंबरअखेरपर्यंत चाललं. या योजनेला मात्र पैसा उरला नाही.

नवा कायदा अडला कशावर, हे सांगायला हवं, कारण मला या प्रकरणातली सर्वांत क्लेशाची गोष्ट हीच वाटते. गुरांच्या भरपाईला कोणाचाच विरोध नव्हता. सिनेटच्या मसुद्यात ती होती, कनिष्ठ सभागृहाच्या मसुद्यातही होती, आणि दोन्हींत ती मागच्या तारखेपासून लागू करण्याची तरतूद होती. पण फार्म बिलाच्या खर्चाचा मोठा भाग असतो गरिबांच्या अन्नमदतीचा, आणि भांडण त्या अन्नमदतीत किती कपात करायची यावर होतं. २०१३च्या उन्हाळ्यात कनिष्ठ सभागृहाने शेतीचा भाग आणि अन्नाचा भाग वेगळा करून दोन विधेयकं मंजूर केली. सिनेटशी जुळवाजुळव बाकी राहिली. सगळ्यांना मान्य असलेलं कलम, न मान्य असलेल्या कलमाच्या शेपटीला बांधलेलं होतं.

त्यातच १ ऑक्टोबरपासून शटडाऊन. अर्थसंकल्पाला मंजुरी न मिळाल्याने केंद्र सरकारची बरीच कार्यालयं १६ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी जवळजवळ प्रत्येक शेतकरी काउंटीत कार्यालय ठेवून असते. शेतकऱ्याचा सरकारशी रोजचा संबंध तिथे येतो. तीही बंद. योजना नव्हती हे खरं, पण कार्यालय उघडं असतं तर ओळखीचा कर्मचारी नोंद घेऊ शकला असता, काय जपून ठेवायचं ते सांगू शकला असता. राष्ट्रीय बातम्यांत वॉशिंग्टनचा गोंधळ भरून होता, त्यामुळे वादळाची दखलही उशिरा आणि अपुरी घेतली गेली. आपल्याकडे कोणाचं लक्षच नाही, ही भावना त्या भागात खोल रुजली, आणि ती खोटी नव्हती.

राज्यपाल डेनिस डॉगार्ड यांच्या विनंतीवरून राष्ट्राध्यक्षांनी ८ नोव्हेंबरला मोठी आपत्ती जाहीर केली. पण त्या घोषणेतून पैसा गेला तो रस्ते, वीज, सार्वजनिक बांधकामं आणि साफसफाईसाठी. गाई त्यात बसत नव्हत्या.

मधले महिने

वादळानंतर आठवड्याच्या आत राज्यातल्या गुरं आणि मेंढीपालकांच्या संघटनांनी ब्लॅक हिल्स भागातल्या एका सामाजिक न्यासाच्या मदतीने रँचर रिलीफ फंड उभा केला. देशभरातून देणग्या आल्या, आकडा पन्नास लाख डॉलरांच्या वर गेला. एकूण नुकसानीपुढे तो छोटा होता. पण तो वेळेवर आला. त्यातून चाऱ्याचं बिल भागलं, बँकेचा एखादा हप्ता गेला.

दुसरी मदत पैशांची नव्हती. शेजारच्या मोंटाना राज्यातल्या एका पशुपालकाने आवाहन केलं: ज्याला शक्य आहे त्याने एक गाभण कालवड द्यावी. हायफर्स फॉर साउथ डकोटा या नावाने ते काम उभं राहिलं. वेगवेगळ्या राज्यांतून ट्रकने शेकडो कालवडी आल्या. त्या देणाऱ्यांना नियमावली नव्हती, पण काय गेलं आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. म्हणून नुसती कालवड न देता गाभण कालवड. वसंतात ती विणार, घरात पुन्हा एक वासरू येणार. सरकारी सूत्रात हा पोटातला जीव कुठे आहे, ते आता पाहू.

सूत्र

सभागृहांची संयुक्त समिती ३० ऑक्टोबरला पहिल्यांदा बसली. कनिष्ठ सभागृहातल्या साउथ डकोटाच्या तेव्हाच्या एकमेव प्रतिनिधी क्रिस्टी नोएम तिच्यात होत्या. २९ जानेवारी २०१४ला कनिष्ठ सभागृहाने २५१ विरुद्ध १६६ मतांनी आणि ४ फेब्रुवारीला सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी कायदा मंजूर केला. ७ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मिशिगनमध्ये सही केली. गुरांच्या भरपाईची योजना आता कायमची झाली, कलमातली अखेरची तारीख गेली. आणि ती १ ऑक्टोबर २०११पासून मागे लागू झाली. १५ एप्रिल २०१४ला अर्ज घ्यायला सुरुवात झाली. एवढ्या मोठ्या यंत्रणेने सहीनंतर दहा आठवड्यांत नियम, अर्ज आणि दर तयार करून खिडकी उघडणं ही चांगली कामगिरी होती, आणि तिचं श्रेय काउंटी कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांना द्यायलाच हवं. तरीही ५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल म्हणजे सहा महिने दहा दिवस. बँकेची बैठक मधेच होऊन गेली होती.

आता दर. मेलेल्या जनावराच्या प्रकारानुसार आणि वजनगटानुसार एजन्सी दरवर्षी सरासरी बाजारभाव काढते. भरपाई त्याच्या ७५ टक्के. प्रत्येक राज्यासाठी नेहमीच्या मरतुकीचं प्रमाण ठरवलेलं असतं. तेवढी गुरं एकूण मृत्यूंतून आधी वजा होतात. उरलेल्यांचेच पैसे. शिवाय त्या वर्षी केंद्राच्या बऱ्याच खर्चांवर सक्तीची कपात चालू होती. ३० सप्टेंबर २०१४पर्यंत मंजूर झालेल्या रकमेतून ७.२ टक्के, त्यानंतरच्या रकमेतून ७.३ टक्के कापले गेले.

हिशेब करून पाहू. रीत योजनेची आहे, आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत. एकाकडे ३०० गाई, त्यांतल्या ९० गेल्या. नेहमीची मरतूक २ टक्के धरली तर ६ वजा, उरल्या ८४. गाईचा भाव १,२०० डॉलर धरला तर ७५ टक्के म्हणजे ९०० डॉलर. ८४ गुणिले ९०० बरोबर ७५,६००. त्यातून ७.२ टक्के गेले की हातात ७०,१५७ डॉलर. मेलेल्या ९० गाईंवर वाटले तर गाईमागे ७८० डॉलरच्या आत. भाव १,२०० धरला होता.

भाव कोणत्या वर्षाचा, हाही प्रश्न आहे. गाई २०१३मध्ये मेल्या, म्हणून दर २०१३चा. पण पैसे हातात आले २०१४मध्ये, आणि नव्या गाई घ्यायच्या होत्या २०१४च्या बाजारात. १ जानेवारी २०१४ला अमेरिकेतल्या गुरांची एकूण संख्या ८.७७ कोटी होती, १९५१नंतरची सर्वांत कमी. आधीच्या वर्षांतल्या दुष्काळांनी कळप घटले होते. त्यामुळे २०१४मध्ये गुरांचे भाव विक्रमी पातळीवर गेले. ज्याचे कळप शाबूत होते त्याच्यासाठी ते सोन्याचं वर्ष ठरलं. मीड काउंटीतल्या ज्या माणसाच्या नव्वद गाई चरात पुरल्या होत्या, त्याला जुन्या भावाच्या पाऊण पैशांत नव्या भावाची गाय घ्यायची होती. कायदा वेळेवर असता आणि पैसे डिसेंबरात आले असते, तर तेवढ्याच रकमेत जास्त गाई आल्या असत्या. उशिराची किंमत अशी थेट गाईंच्या संख्येत मोजता येते.

आणि पोटातलं वासरू? त्याचा दर नव्हता. गाभण गाय आणि भाकड गाय यांना एकच रक्कम.

मर्यादा

कायद्याने एका व्यक्तीला एका वर्षात मिळणाऱ्या अशा मदतीला १,२५,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली होती. त्याच वर्षी दुष्काळामुळे कुरण गेल्याची मदत घेतली असेल तर तीही याच मर्यादेत मोजायची. शिवाय सरासरी वार्षिक उत्पन्न नऊ लाख डॉलरांवर असेल तर काहीच नाही. उत्पन्नाची अट मला पटते. कमाल मर्यादेचं मात्र इथे उलटं झालं. हंगामागून हंगाम मिळणाऱ्या अनुदानाला मर्यादा हवीच, नाहीतर मोठे आणखी मोठे होतात. पण मेलेल्या गाईची भरपाई वारंवार मागता येत नाही, ती मागायला गाय मरावी लागते. मर्यादेमुळे सगळ्यांत जोराचा फटका बसलेल्या घराचं नुकसान सगळ्यांत कमी प्रमाणात भरून निघतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दुभत्या जनावरामागे ३७,५०० रुपये आणि ओढकामाच्या जनावरामागे ३२,००० रुपये ठरले होते, पण एका कुटुंबाला मोठ्या दुभत्या जनावरांपैकी तीनांपुरतेच. २०२५च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत मराठवाडा आणि सोलापूरकडे दावणीची दावण वाहून गेली तेव्हा चौथ्या गाईचं काय, हा प्रश्न उभा राहिला, आणि राज्य सरकारने ऑक्टोबरमधल्या पॅकेजमध्ये तीनाची अट काढली. अमेरिकेत मर्यादा काढायला २०१८ उजाडलं. त्या फेब्रुवारीतल्या कायद्याने गुरांच्या भरपाईवरची १,२५,००० डॉलरची मर्यादा रद्द झाली आणि आपत्तीत जखमी होऊन कमी भावात विकाव्या लागलेल्या जनावरांचाही समावेश झाला. दोन्ही बदल २०१७पासून लागू झाले. ॲटलस २०१३चं.

साक्ष

एप्रिलमध्ये खिडकी उघडली तेव्हा ऑक्टोबरातल्या त्या सल्ल्याची किंमत कळली. डॉक्टरचा दाखला, मेलेली गुरं नेणाऱ्या ट्रकची पावती, तारखेचे फोटो, बँकेतली तारणाची यादी, डागाच्या तपासणीच्या नोंदी, लसीकरणाची बिलं, असं सगळं ग्राह्य धरलं जात होतं. यांतलं काही नसेल तर त्रयस्थाची लेखी साक्ष, आणि सोबत वादळाआधी एवढी गुरं होती याचा विश्वासार्ह कागद. ज्यांनी वही ठेवली होती त्यांचं काम झालं. तळ्यात बुडालेली गुरं वसंतात वर आली, त्यांच्यासाठी आधीची मोजणी आणि नंतरची मोजणी यांतला फरक हाच पुरावा ठरला.

अर्जावर निर्णय घेतला तो काउंटी समितीने, आणि ही व्यवस्था आपण समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक काउंटीतले शेतकरी आपल्यातूनच मतदानाने ही समिती निवडतात. अर्ज तपासणारा माणूस स्वतः गुरं पाळणारा. त्याला ठाऊक असतं की अमक्याच्या कुरणात तीनशे गाई मावतात की नाही, आणि वाऱ्याने कळप कोणत्या ओघळीकडे जाईल. आपल्याकडचा पंचनामा करणारा तलाठी किंवा कृषी सहायक यांच्यावर एकाच वेळी अनेक गावांचा भार असतो. तो बांधावर पोचेपर्यंत पाणी ओसरून चिखल वाळलेला असतो. साउथ डकोटात पंचनामा करायला कोणी आलंच नाही. पुरावा जमवण्याचा सगळा भार नुकसान झालेल्या माणसावर होता, आणि तपासण्याचं काम शेजाऱ्यांकडे. शेजाऱ्याच्या नुकसानीवर निकाल देणं सोपं नसतं. समितीतल्या लोकांचीही गुरं गेलेली होती. तरीही त्या मुलखात कोणाच्या किती गाई होत्या हे लपत नाही, आणि म्हणूनच ही रीत तिथे चालली असं माझं मत आहे. जिथे जमीन दोन-दोन एकरांची आणि गावकी गटातटांची, तिथे ती तशीच उचलून आणावी असं मी म्हणणार नाही. पण वादळाच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची लेखी साक्ष ग्राह्य धरणं, हे कुठेही करता येईल.

२०११ ते २०१४मधल्या जुन्या हानीच्या अर्जांची मुदत ३० जानेवारी २०१५ला संपली.

योजना कायमची झाल्याचा फायदा पुढे दिसला. मार्च २०१९मध्ये नेब्रास्का आणि साउथ डकोटावर हिमवादळ आणि पूर एकत्र आले तेव्हा कायदा आधीच जागेवर होता. कोणाला संसदेची वाट पाहावी लागली नाही. कार्यालयाच्या कुलपाचा प्रश्न मात्र तसाच आहे. २०१८-१९च्या शटडाऊनमध्ये फार्म सर्व्हिस एजन्सीची काउंटी कार्यालयं पुन्हा बंद पडली होती, आणि ऑक्टोबर २०२५च्या शटडाऊनमध्येही.

४ जुलै २०२५ला सही झालेल्या मोठ्या अर्थसंकल्पीय कायद्यात एक छोटं कलम आहे. आपत्तीत गाभण जनावर मेलं, तर त्याच्या पोटातल्या जिवासाठी वेगळी जादा रक्कम. कालवडी ट्रकमध्ये चढवणाऱ्यांनी २०१३च्या हिवाळ्यात जे धरलं होतं ते बारा वर्षांनी सूत्रात आलं. हे कलमही मागच्या तारखेपासून लागू आहे, १ जानेवारी २०२४पासून.